दस्तीखालचा हात

फोन आला तेव्हा माझा हात दस्तीखाली होता. सेलूचा शेळ्यांचा बाजार ऐन भरात होता, समोर हैदराबादकडचं जुनं गिऱ्हाईक होतं आणि बोकडांच्या एका कळपाचा भाव जवळपास ठरत आला होता. ज्यांना आमचा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्या बाजारात जनावराचा भाव अजूनही तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर दस्ती, म्हणजे रुमाल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरून आकडा सांगायचा. एक बोट धरलं तर एक, अख्खा पंजा धरला तर पाच. भोवतीच्या बघ्यांना काही कळत नाही. हात आत आहे तोवर बोलणी चालू, आणि ज्याने हात बाहेर काढला त्याने सौदा मोडला. मी डाव्या हाताने फोन कानाला लावला. पलीकडून सुजाता वहिनी, माझ्या दोस्ताची बायको, म्हणाल्या, "भाऊजी, मास्तर गेले." त्यांनी पुढेही काही सांगितलं असेल. मी हात बाहेर काढला. गिऱ्हाईक म्हणालं, "अरे मारोती सेठ, इतक्यात नाराज? बोट वाढवतो की एखादं!" मी त्याच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही, पण शेजारच्या मेंढ्या बिचकून एकमेकींवर चढल्या, एवढं आठवतं.

गौतम मास्तरला जाऊन आता काही आठवडे झाले. त्याच्या शाळेत शोकसभा झाली. हसतमुख, विद्यार्थिप्रिय, शांत स्वभावाचे, असं सगळं त्याच्याबद्दल बोलून झालं. मला दोनदा आग्रह झाला, मी उठलो नाही. माझी त्याच्यावर एक तक्रार आहे. हार घातलेल्या फोटोसमोर माणसाची तक्रार मांडता येत नाही, म्हणून इथं लिहितोय. तक्रार एवढीच, की मी आयुष्यात एकदाच एखादी वस्तू भाव न सांगता देऊ केली, आणि ती ह्या माणसाने घेतली नाही.

आम्ही दोघं झरीच्या शाळेत एका बाकावर होतो. मी धनगराचा, तो बौद्ध वाड्यातला. त्याचे वडील सरकारी कचेरीत शिपाई होते, माझे मेंढ्यांमागं. पाचवी-सहावीत असताना तो एकदम वाळायला लागला. घटाघटा पाणी प्यायचा आणि तासाला दोनदा लघवीची परवानगी मागायचा. वर्गात हसत सगळे, मीही हसलो. मग परभणीला नेल्यावर कळलं की त्याच्या अंगातलं स्वादुपिंड इन्सुलिन करायचं थांबलंय. म्हाताऱ्यांना होते ती साखर ही नाही, ही लहानपणीच धरते आणि रोज सुई घेतल्याशिवाय माणूस जगत नाही. त्यांच्याकडे फ्रीज नव्हता. त्याची आई इन्सुलिनची बाटली ओल्या वाळूत ठेवलेल्या छोट्या मडक्यात ठेवायची आणि काचेची सिरिंज आणि सुई चुलीवर उकळायची. मी हे बघायला मुद्दाम जायचो. स्वतःच्या मांडीत सुई खुपसणारं पोरगं मला पैलवानापेक्षा भारी वाटायचं. तो मला गणितं सोडवून द्यायचा, मी त्याला दस्तीखालची बोटं शिकवली. पुढं वर्गात गुरुजी तोंडी गणित घालायचे तेव्हा बाकाखाली त्याचा हात माझ्या हातात असायचा आणि उत्तर बोटांवर यायचं. माझं शिक्षण असं झालं. बारावीनंतर मी शेळ्यांच्या धंद्यात पडलो, एका बोकडापासून सुरुवात करून देवगाव फाट्यावर शेळ्या बांधायचा स्वतःचा वाडा उभा केला, स्वतःच्या गाड्या केल्या. तो डी.एड. होऊन सेलूला शिक्षक झाला. लोकांसमोर मी त्याला मास्तर म्हणायचो, एकटा असला की गौत्या. तो मात्र मला बाजारातही मारत्याच म्हणायचा, गिऱ्हाइकासमोर सुद्धा.

त्याच्या आजाराशी माझी खरी ओळख झाली ती एका शेळीमुळे. सुजाता वहिनींनी दारात पाळलेली उस्मानाबादी शेळी विकायची होती. तो सकाळी ती घेऊन बाजारात आला. मी म्हटलं, घेतो, पण भाव दस्तीखाली. मैत्री मैत्रीच्या ठिकाणी. तोही पेटला. दोघांनी हात घातले आणि भोवती घोळका जमला. शिक्षक विकायलाय आणि मारोती घ्यायलाय म्हटल्यावर फुकटचा तमाशाच. उन्हं चढली तरी तो एक बोट खाली यायला तयार नाही. मग मला जाणवलं की त्याचा हात थरथरायला लागलाय, तळवा घामाने गार पडलाय. आता, हात वाचणं हा माझा धंदा आहे. विकणाऱ्याचा हात असा ओला झाला की समजायचं, माणूस मोडला, आता थोडं दाबलं की खाली येणार. मी दाबलं. त्याची बोटं सैल पडली तसं आणखी दाबलं, वर डोळा मारून घोळक्याला म्हणालो, "बघा, मास्तर उतरायलेत!" आणि मास्तर उतरले ते थेट जमिनीवर, शेळीच्या पायात. सकाळी सुई घेतलेली, माझ्यामुळे जेवणाची वेळ टळलेली, साखर तळाला गेलेली. वहिनींनी एकदा सांगून ठेवलेलं आठवलं म्हणून पानटपरीवरून साखर आणून त्याच्या गालात भरली. थोड्या वेळाने त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "मारत्या, मी हात काढला न्हाई बरं का. भाव मपलाच लागंल." त्याचाच भाव द्यावा लागला. त्या शेळीने मला नंतर कधीच नफा दिला नाही.

त्या दिवसापासून माझ्या दस्तीच्या एका टोकाला खडीसाखर बांधलेली असते. कारण पुढं पुढं त्याची तऱ्हा अवघड होत गेली. साखर उतरताना इतरांच्या आत जी घंटा वाजते, घाबरं होतं, भूक लागते, ती त्याच्या अंगात वाजेनाशी झाली. इतक्या वर्षांच्या आजारात असं होतं म्हणे. बोलता बोलता हा माणूस गप्प व्हायचा, फळ्याकडे बघत उभा राहायचा. त्याला स्वतःला काही कळायचं नाही. हाताला मात्र थोडा गारवा यायचा. म्हणून आम्ही कुठंही भेटलो, हॉटेलात, लग्नात, एस. टी. स्टँडवर, की मी आधी त्याचा हात दस्तीखाली घ्यायचो. लोक हसायचे. "काय मास्तर, आज काय विकायलात?" तो म्हणायचा, "स्वतःलाच दाखवायलोय. गिऱ्हाईक चेंगट हाय." हात गार लागला की मी गाठ सोडायचो. तोंडात खडा टाकताना तो नेहमी कुरकुर करायचा की मारत्याच्या खडीसाखरेला बोकडाचा वास येतो.

मग किडन्या गेल्या. डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत होते तसंच झालं, साखरेनेच खाल्ल्या. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी परभणीला डायलिसिस सुरू झालं. मशीनवरून उठला की त्याचा चेहरा धुऊन पिळलेल्या कपड्यासारखा व्हायचा. तरी तिसऱ्या दिवशी शाळेत. मी कुणाला न विचारता माझा रक्तगट तपासून घेतला. त्याचाच. एवढा आनंद मला पहिली गाडी घेतली तेव्हाही झाला नव्हता. शेलाट्या बाजाराच्या दिवशी, म्हणजे गर्दी कमी होती त्या दिवशी, त्याला स्टँडजवळच्या हॉटेलात बोलावलं. बिनसाखरेचा चहा सांगितला. तोंडाने बोलायला मला जमलं नसतं, मी भांडायला मोकळा पण असलं बोलायला जीभ जड. मी दस्ती टाकली, त्याचा हात घेतला आणि त्याला माझं एक बोट धरायला लावलं. मग दुसऱ्या हाताने माझ्या कमरेवर थाप मारली. त्याला कळलं. बाकाखाली उत्तरं देणारा माणूस तो, कळायला वेळ लागला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं... आणि हात बाहेर काढला.

बस. एवढंच. चहा पीत बसला.

माझ्या धंद्यात हा अपमान आहे. भाव पटला नाही तर माणूस बोट खाली-वर करतो, शिव्या देतो, आई-बापाची शपथ घालतो. न बोलता हात काढतो तो, ज्याला तुमचं जनावरच नको असतं. मी उठलो, "काय खराबी हाय मपल्या मालात?" एवढं हॉटेलभर ऐकू जाईल असं बोललो आणि निघून आलो. पुढं कितीतरी दिवस मी सेलूत त्याच्या गल्लीने गेलो नाही. सुजाता वहिनीच शेवटी देवगाव फाट्यावर वाड्यात आल्या. म्हणाल्या, "भाऊजी, पुण्याला दाखवायला जायचंय. गाडी तुमची आणा, राग घरी ठेवा." गाडी नेली. राग डिकीत टाकून नेला.

पुण्याच्या त्या दवाखान्यात मी पहिल्यांदा ऐकलं की किडनीसारखं स्वादुपिंडही बदलता येतं. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण शांत. त्यांनी कागदावर पोट काढून दाखवलं. मेंदू मृत झालेल्या कुणा माणसाच्या घरच्यांनी होकार दिला तर त्याची एक किडनी आणि स्वादुपिंड, दोन्ही एकदमच बसवायचं. किडनी डाव्या अंगाला, स्वादुपिंड उजवीकडे खाली. मी विचारलं, "अन् जुनं काढून टाकणार का?" म्हणाल्या, "नाही, ते जागेवरच राहतं. इन्सुलिन करत नसलं तरी जेवण पचवायचं काम ते अजून करतं." हे मला फार पटलं. एक काम जमेना म्हणून जुन्याला हाकलायचं नाही. ऑपरेशन मोठं, जोखीम मोठी, नंतर जन्मभर गोळ्या, कारण अंग परक्या अवयवावर धावून जातं. आणि त्या गोळ्यांनी अंगाची रोगाशी लढायची ताकद कमी होते. हे सगळं बाईंनी लपवलं नाही. आणि हे चाललं तर सुई बंद. साखर आपोआप जागेवर. गौतमने एवढंच विचारलं, "उतरणं सुद्धा थांबेल?" बाई म्हणाल्या, "थांबेल." तो खिडकीबाहेर बघायला लागला.

यादीत नंबर लावायचा, वाट बघायची, असं ठरलं. मी सवयीने बोललो, "मॅडम, नंबर थोडा अलीकडं घेता आला तर बघा की. आपण काय परके हाव का?" गौतमने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यादी माझ्या हातात नाही, आणि असती तरी सरकली नसती." मग म्हणाल्या की दुसराही रस्ता आहे. कुणी जिवंत दाता असेल तर किडनी आधी बसवता येते, स्वादुपिंड नंतर. नात्यातला नसेल तर समितीपुढे जावं लागतं, पैशाचा व्यवहार नाही हे पटवावं लागतं. मी खुर्चीतून अर्धा उठलोच होतो. गौतम म्हणाला, "दाता नाही, मॅडम."

मी समोर बसलेला, सहा फुटी, धडधाकट. आणि दाता नाही.

परतताना मी नगरपर्यंत एक शब्द बोललो नाही, आणि मग गाडी कडेला घेऊन सगळेच बोललो. मागं वहिनी होत्या, त्यांचीही भीड ठेवली नाही. माझं संपल्यावर तो म्हणाला, "मारत्या, वाड्यात रोग लागलाय अन् कुणी चांगलं जनावर आणून दिलं, तर तू बांधशील? आधी वाडा साफ करशील ना? मपल्या अंगात साखर आहे तोवर तुझी किडनी आणून बांधू, अन् ती बी खाऊ घालू त्या साखरेला?" मी म्हटलं, "बाई म्हणल्या की, मागून स्वादुपिंड मिळंल." तो म्हणाला, "अन् न्हाई मिळालं तर? तू उन्हातान्हात गाड्या घेऊन फिरणारा. तुझ्या दोन पोरी हायत." मी म्हटलं, "पोरी मपल्या, किडनी मपली. तू कोण हिशोब करणारा? मला इचारलंस का?" तो म्हणाला, "समितीपुढं तुला उभा केला असता तर त्यांनी पहिलं इचारलं असतं, ह्या माणसाने जन्मात काही फुकट दिलंय का? मी काय साक्ष देणार होतो?" वहिनी मागं हसू दाबायला लागल्या. मलाही हसू आलं, त्याचा आणखी राग आला.

त्याचं म्हणणं बरोबर असेल. पण त्या म्हणण्यापायी तो किती दिवस मशीनवर राहिला, ते मी बघितलंय. एकदा पुण्याहून बोलावणं आलं, आम्ही जीव मुठीत धरून पोचलो, तर ते स्वादुपिंड आतून चांगलं निघालं नाही म्हणून परत फिरावं लागलं. त्या वाटेवर त्याने माझा हात मागितला नाही आणि मी दिलाही नाही. डायलिसिसने त्याचं हृदय थकत चाललं होतं. मला रोज वाटायचं, माझी घेतली असती तर एवढ्यात हा बांधावरून पळत असता. अजून वाटतं.

दुसरं बोलावणं भर दुपारी आलं. मी गाडीत शेळ्या चढवत होतो. त्या तशाच वाड्यावर सोडून निघालो. ह्या वेळी सगळं जुळलं. कोण माणूस होता, कुठल्या गावचा, हे सांगत नाहीत. एवढंच कळलं की तरुण होता आणि त्याच्या आईने होकार दिला. ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी दवाखान्याच्या आवारात फेऱ्या मारत त्या बाईचा विचार करत होतो. भाव नाही, बोली नाही, समोर कोण हेही माहीत नाही... आणि देऊन मोकळी. मी एवढे बाजार केले, असा सौदा पाहिला नव्हता.

काही दिवसांनी काचेतून भेटू दिलं, मग आत. मी दस्ती काढली, हात धुवायला लावले, धुतले. त्याचा हात घेतला. कोरडा. ऊबदार. मी बराच वेळ धरून ठेवला, गारवा शोधत. तो म्हणाला, "सापडंना का?" सुई बंद झाली होती. चाळीसेक वर्षं रोज खुपसलेली सुई, आणि आता त्या परक्या पोराचं स्वादुपिंड गपचूप आपलं काम करत होतं. त्या वर्षीच्या बुद्धपौर्णिमेला त्यांच्या गल्लीत नेहमीसारखी खीर वाटली. हा दरवर्षी पातेल्यापाशी उभा राहून सगळ्यांना वाढायचा, स्वतः कधी चाखायचा नाही. त्या वर्षी पहिली वाटी त्याने त्या पोराच्या नावाने बाजूला ठेवली आणि दुसरी स्वतः घेतली. पहिल्या घासाला डोळे मिटले. उघडल्यावर म्हणाला, "वेलदोडा कमी हाय." वहिनी म्हणाल्या, "इतकी वर्षं कमीच होता, तुम्हाला कुठं ठाऊक!"

पुढची वर्षं चांगली गेली. गोळ्या वेळेवर, तोंडाला मास्क, उघड्यावरचं खायचं नाही. बाजारात यायला बंदी, जनावराची धूळ चालत नाही म्हणून. मग मीच अंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून त्याच्याकडे जायचो. हात दस्तीखाली घ्यायची गरज उरली नव्हती. तरी तो पुढं करायचा. मी घ्यायचो, सोडायचो, आणि एखादा टोमणा मारायचो, "परक्याचं गोड लागलं, मपलं कडू." तो म्हणायचा, "तुझा राग मेल्यावरच जाईल." मी म्हणायचो, "कुणी मेल्यावर?"

असं बोलू नये माणसाने.

ह्या थंडीत त्याला साधा ताप आला. साधा ताप त्याच्यासाठी साधा नव्हता. छातीत उतरला. पुण्याला नेलं, बाईंनी सगळे उपाय केले. मी अतिदक्षता विभागात गेलो तेव्हा तोंडावर मोठा मास्क होता, बोलणं शक्य नव्हतं. बाईंनी सांगितलं, किडनी दमलीय, पण स्वादुपिंड अजून नीट चाललंय, साखर उत्तम आहे. मला त्या पोराचा अभिमान वाटला. मी पलंगाशी उभा राहिलो. गौतमने चादरीखालून हात थोडा हलवला. दस्ती बाहेर काढून ठेवायला लावली होती. मी हात चादरीखाली घातला. त्याने चाचपडत माझं एक बोट धरलं. एकच. हॉटेलात मी धरायला लावलं होतं, तेच. आणि धरून ठेवलं.

मी हात ओळखणारा माणूस. पण हा हात काय बोलायलाय, हे मला आधी नीट कळलं नाही. कळलं तेव्हा नर्स म्हणाली, "काका, वेळ झाली, बाहेर थांबा." मी म्हटलं, जरा थांबा. ती म्हणाली, इतरांचे नातेवाईकही आहेत. माझ्या स्वभावाप्रमाणे मी भांडायला हवं होतं. भांडलो नाही. त्याची पकड सैल झालेली नव्हती. मी बोट सोडवून हात बाहेर काढला. तो शेवटचा, पुढं सेलूच्या बाजारात फोनच आला.

त्याच्यावरची तक्रार मी मागे घेणार नाही. विचारायला हवं होतं त्याने. पण बाजारात आता माझी एक नवीन तऱ्हा झालीय, आणि गिऱ्हाइकं वैतागलीत. पूर्वी मी भाव पाडायचा असला की फटकन हात काढून निघून जायचो, लोक मागं पळत यायचे. आता तो निघतच नाही. समोरचा कंटाळतो, हात झटकतो, "मारोती सेठ, सोडा की आता!" म्हणतो. परवा एका म्हाताऱ्या आजीचा हात दस्तीखाली ओला लागला. मी आधी गाठ सोडून खडीसाखर तिच्यापुढं धरली. ती माझ्याकडे, मग खड्याकडे बघत म्हणाली, "ह्यात काय डाव हाय रे तुपला?" मी म्हटलं, "आधी तोंडात टाक, आजी. मग सांगतो." तिने वास घेऊन बघितला, तोंड वाकडं केलं आणि टाकला. भाव तिने मागितला तोच द्यावा लागला. तिने हात काढेपर्यंत मी काढला नाही.